बोडी गळते आहे, पण पाणी जातंय कुठे?

नागपूर, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. कुहीकडच्या वावरातली बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं, जुलैत काठोकाठ भरली आणि दिवाळी होईतो गुडघाभर उरली, हे वाचून तुझा जीव किती तळमळला असेल ते मला कळतं. पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद टाकू का, असं तू विचारलंस. दुकानदाराने सांगितलेला भावही लिहिलास. आणि मग पार शेवटी, ताजा कलम म्हणून, एक ओळ घातलीस: ‘या वर्षी विहिरीचं पाणी मात्र अजून वरच आहे.’ बेटा, तुझ्या चार पानांत मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही ओळ.

कागदाचे पैसे अजून देऊ नकोस. आधी पाणी कुठे जातंय ते पाहू.

एक बादली घे. तळाशी दोन दगड टाक आणि बोडीतल्या पाण्यात काठाजवळ ती अशी बसव की तिचा गळा वर राहील. बादलीत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भर. बादलीवर आतून एक खूण आणि बाहेरून एक खूण कर. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन दोन्हीकडची पातळी पट्टीने मोज. बादलीतलं जेवढं उतरलं तेवढं ऊन-वाऱ्याने नेलं. बाहेरचं त्याहून जास्त जे उतरलं ते जमिनीने प्यायलं. सध्याच्या थंडीत ऊन दिवसाला फार तर अर्धा सेंटीमीटर पाणी उडवेल. नवतप्यात, मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, हाच आकडा सेंटीमीटरवर जातो. तुझ्या बोडीतला पाणपसारा आता १५ बाय १५ मीटर धरला, तर एक सेंटीमीटर म्हणजे २,२५० लिटर, दोनशे लिटरचे अकरा ड्रम. तीन दिवस मोज आणि वहीत लिही. रोज गुरं पाण्यावर येत असतील तर तेवढे तीन दिवस त्यांना दुसरीकडे पाज, नाहीतर हिशेब चुकेल.

याच तीन दिवसांत विहिरीची पातळीही दोर टाकून मोज. विहीर बोडीच्या खालच्या अंगाला आहे ना? मग तुझी बोडी पाणी वाया घालवत नाही, ते विहिरीत नेऊन ठेवते आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांवर गावोगावी पाझर तलाव बांधले ते नेमके याचसाठी, पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना मिळावं म्हणून. बोडीत उघड्यावर राहिलेलं पाणी मे महिन्यात ऊन पिऊन टाकतं. जमिनीखालच्या पाण्याला ऊन लागत नाही.

माझं गळकं तळं वेगळं होतं, म्हणून ते सांगते. माझं वावर कळमेश्वरकडे. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा मुलूख काळ्या बेसॉल्टचा, तर पूर्वेला तुझ्याकडे, मौद्याकडे, भंडाऱ्याकडे खाली जुना नीस खडक. माझ्याकडे काळी माती, तुझ्याकडे पिवळसर, रेताड, धानाच्या बांध्यांची. मी १९९८ साली तळं खोदायला घेतलं तेव्हा वर चार फूट चिकट काळी माती होती. मला खोल तळं हवं होतं, मशीन भाड्याने आलेलंच होतं, म्हणून मी दहा फूट खोदायला सांगितलं. चार फुटांखाली मुरूम लागला. खोदणारा म्हणाला, ताई, इथे थांबा. मी थांबले नाही. त्या मुरमातून पाणी असं गेलं की पोळ्याला भरलेलं तळं दसऱ्याला कोरडं पडलं. माझी विहीर तळ्याच्या वरच्या अंगाला, म्हणून तिलाही त्याचा थेंब मिळाला नाही.

पुढच्या वर्षी मी कागद टाकला. त्या उन्हाळ्यात रात्री रोही, म्हणजे नीलगायी, पाण्यावर उतरले. त्यांच्या खुरांनी कागद फाटला, आणि एक पाडस त्या निसरड्या उतारावरून वर चढू न शकल्याने बुडून मेलं. ते सकाळी मी पाहिलं. म्हणून कधीकाळी तू कागद टाकलासच, तर भोवती कुंपण, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर आणि काठाला फुगवलेली ट्यूब याशिवाय एक दिवसही ठेवू नकोस. कागदाच्या शेततळ्यात पोहता येणारी माणसंही बुडतात, कारण पाय टेकायला काही नसतं.

तिसऱ्या वर्षी मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. खोदताना काढलेली काळी माती पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, पडून होती. ती तळाला आणि उतारांना फूटभर पसरली, पहिल्या पावसाने भिजल्यावर तीन दिवस बैलजोडी फिरवली, धानाच्या बांधीत चिखलणी करतो तशी. चिखल बसल्यावर त्यावर बोटभर मुरूम पसरला. काळी माती ओली असली की फुगते आणि पाणी अडवते, पण वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुढच्या वर्षीचा पहिला पाऊस त्या भेगांतूनच निघून जातो. मुरमाचा थर तिला उन्हापासून झाकतो. धरणाच्या पाळीतही हीच रीत असते: पोटात काळी माती आणि बाहेरून मुरमाचं आवरण. मी एका कोपऱ्यात तीन फूट खोल डोहही ठेवला, म्हणजे उन्हाळ्यात निदान तेवढा तळ ओला राहतो. गळती पूर्ण थांबली नाही, पण वर्षागणिक वाहून आलेला गाळ बसत गेला आणि चौथ्या-पाचव्या वर्षी तळ्यात होळीपर्यंत पाणी राहू लागलं. नवं तळं पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त गळतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुझी बोडी जुनी आहे, पण तूच लिहिलंस की मागच्या उन्हाळ्यात गाळ काढून वावरात टाकला. गाळ काढताना खालचा जुना घट्ट तळ खरवडला गेला असणार. पुढच्या वेळी गाळ काढशील तेव्हा रंग बदलला की फावडं थांबव.

आता एका गोष्टीची मात्र घाई कर. बोडीची पाळ बाहेरून चालत तपास, पायथ्यापासून. कुठे ओल आहे का? वाहतं पाणी दिसलं तर ते काचेच्या ग्लासात धर. स्वच्छ असेल तर ते पाझर आहे, जाऊ दे. गढूळ असेल तर पाणी पाळीतली माती आतून घेऊन निघालंय, आणि अशी पाळ एका रात्रीत फुटते. बोडीत पाणी कमी आहे तोवर ती जागा उकरून भेग किंवा खेकड्याचं बीळ जिथे संपतं तिथपर्यंत जा. मग ओल्या चिकणमातीचे वीतभर थर टाकत एकेक थर धुमसाने ठोकत वर ये. माती हातात घेऊन तिची वळकटी वळत असेल आणि हाताला चिकटत नसेल तर ओल बरोबर आहे. पाळीवर उगवलेली बेशरमाची झुडपं आता काढ, खोडं बोटाएवढी आहेत तोवर. मोठं झाड मात्र तोडू नकोस, त्याची मुळं कुजली की तिथे नळ्या तयार होतात. पाळीला हरळी बरी. आणि सांडवा, जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा आहे का ते बघ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं, ते तू शहरात असताना पाहिलंच आहेस. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू देणं कोणत्याही तळ्याला परवडत नाही, मग ते शेकडो एकरांचं असो की दोन गुंठ्यांचं.

तर माझा सल्ला असा. मोठी बोडी जशी आहे तशी राहू दे, विहिरीसाठी. शिंगाडा लावण्याचा विचार या जागी सोडून दे. त्याला दिवाळीनंतरही पाणी लागतं. रोहू-कटल्यालाही आठ-दहा महिने पाणी हवं. त्याऐवजी विहिरीजवळ दहा बाय दहा फुटांचा एक लहान खड्डा कर, कमरेएवढा. त्याच्या तळाला ताज्या शेणाचा चार बोटं थर दे, त्यावर पाला-गवत, त्यावर मातीचा थर, आणि सगळं ओलं करून तुडवून तीन आठवडे झाकून ठेव. आत हवा न लागता शेण कुजतं तेव्हा एक बुळबुळीत थर धरतो आणि मातीची छिद्रं बुजतात. मोठ्या तळ्याला हे पुरत नाही, लहान खड्ड्याला पुरतं. त्यात बदकं ठेव, परसबागेला पाणी दे. ते पाणी पिऊ मात्र नकोस.

दुसरी गोष्ट तू ओझरती लिहिलीस, पण मला ती बोडीपेक्षा मोठी वाटते. दर रविवारी गाडी काढून कॉटन मार्केटला भाजी आणायला जातेस, आणि महिन्याचा खर्च शहरात, मिहानच्या उद्योगवसाहतीत नोकरी करायचीस त्या दिवसांएवढाच होतो. बेटा, दोन एकरांत राहून भाजी शहरातून का येते? शहरात आपण आधी काय खायचं ते ठरवतो आणि मग आणतो. वावरात आधी फेरी मारायची, ओंजळीत काय आलं ते बघायचं आणि मग चूल पेटवायची.

आत्ता तुझ्याकडे अंबाडी उभी असणार. तिची कोवळी पानं उकडून पाणी टाकून दे, मुठभर तुरीची डाळ आणि मुठभर ज्वारीच्या कण्या घालून शिजव, घोट, आणि वरून लसूण-लाल मिरचीची तेलाची फोडणी. दोन भाकऱ्यांसोबत एवढं पुरतं. लाल बोंडं वाळवून ठेव, उन्हाळ्यात शरबताला येतील. डिसेंबरात हरभऱ्याचे शेंडे खुड. खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि तुला भाजी मिळते. जास्तीची पानं सावलीत वाळवून डब्यात भर, एप्रिलात बेसनाबरोबर शिजवशील तेव्हा माझी आठवण काढशील. जानेवारीत तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, त्यांची आमटी नाहीतर सोलेभात. धान कांडून आणलंस की कण्या फेकू नकोस, त्यांची पेज ताकात कालवून मीठ-जिरं घातलं की उन्हातून आल्यावर दुसरं काही लागत नाही.

महिनाअखेर डबे रिकामे दिसले की गोळाभात कर. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, मीठ, हिंग आणि गरम तेल घालून गोळे वळ, भात अर्धा शिजला की त्यात खुपसून झाकण ठेव. वाफेवर दोन्ही सोबत शिजतात, एकाच भांड्यात, एकाच जाळावर. वर हिंगाचं तेल, बाजूला चिंचेचं सार, आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, असेल तर चार काड्या. माझ्या सासूबाई पाहुणे आले तरी हाच करायच्या आणि कुणाला कमी पडलं असं मला आठवत नाही.

आणि मे महिन्याला घाबरू नकोस. ४५ अंशांचं ऊन म्हणजे फुकटचा जाळ. गवार, कारली, वांग्याच्या फोडी, मूगवड्या, सगळं तेव्हा वाळवून घे. माझ्या पावसाळ्याची अर्धी भाजी मे महिन्यातच तयार होते.

रानातलं खाताना दोन गोष्टी सांभाळ. मृगाच्या पावसानंतर तरोटा उगवेल, कोवळा असताना त्याची भाजी फार गोड लागते. तरोट्याच्या पानाला पानोळ्यांच्या, म्हणजे एका देठावरच्या लहान पानांच्या, तीन जोड्या असतात आणि टोकं गोल असतात. त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा शेजारी उगवतो, त्याच्या पानोळ्या टोकदार आणि चार-पाच जोड्या. त्याच्या शेंगांतलं बी खाऊन लहान मुलांना विषबाधा होते. ओळख पटेपर्यंत शेजारच्या बाईंना सोबत घेऊन खुड. दुसरं, तुमच्या भागात धानानंतर लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, होते. चवीला, अधूनमधून वरणात घातली तर घाल, पण स्वस्त म्हणून रोज तीच एक डाळ खाऊ नकोस. महिनोन्‌महिने तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडलेत.

पुढच्या रविवारी कॉटन मार्केटला जाण्याऐवजी माझ्याकडे ये. येताना बादलीच्या तीन दिवसांच्या नोंदी आण, आणि बोडीच्या तळातली माती एका पारदर्शक बाटलीत अर्धी भरून, वर पाणी घालून, खूप हलवून रात्रभर उभी ठेवून मग आण. रेती खाली बसेल, चिकणमाती वर. किती बोटं चिकणमाती आहे ते पाहून तुझ्या लहान खड्ड्याला बाहेरून माती आणावी लागेल की नाही ते ठरवू. अंबाडीचं बी मी पुडीत बांधून ठेवलंय. जेवायलाच ये, गोळे आपण मिळून वळू.

तुझी,
काकू