ट्रान्समीटर सुधारला, तरी केंद्र बारीक लागतंय? सेट उघडू नका

दादा, तुमचं म्हणणं असं की चिकोडीजवळच्या गावात वडील रोज सकाळी रेडिओच्या मीडियम वेव्हवर मराठी केंद्र लावतात. मध्ये ट्रान्समीटर बंद पडला, चार दिवसांनी सुरू झाला, पण तेव्हापासून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि दिवेलागणीनंतर तर काहीच कळत नाही. सेट मेकॅनिककडे न्यावा का?

एवढ्यात नका नेऊ. आधी दुपारी बारा-एकला दुसरं एखादं नेहमी लागणारं केंद्र लावा, धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर किंवा जे मिळेल ते. ते पूर्वीसारखंच येत असेल तर सेट ठीक आहे.

हल्लीच्या ट्रान्समीटरमध्ये बरेच मॉड्यूल, म्हणजे छोटे सुटे भाग, एकत्र जोडून शक्ती तयार करतात. त्यातले काही जळाले तर उरलेल्यांवर कमी शक्तीनं प्रक्षेपण चालू ठेवता येतं. शक्ती चौथाईवर आली तर लहरीचा जोर निम्मा होतो. मनोऱ्याजवळच्या गावात कुणाला पत्ताही लागत नाही, पण प्रक्षेपणाच्या कडेला राहणाऱ्यांचं तेवढ्यानंच बिनसतं. त्यातून केंद्र १२००-१३०० किलोहर्ट्झच्या बाजूचं असेल तर आणखी अवघड, कारण जमिनीलगत जाणारी लहर वरच्या फ्रिक्वेन्सीला लवकर दमते.

एक खूण सांगतो. काटा केंद्रावर आणल्यावर खरखर एकदम दबते पण बोलणं येत नाही, तेव्हा ट्रान्समीटर चालू असतो. स्टुडिओकडून येणारा आवाजच तुटलेला असतो. खरखर तशीच राहिली तर केंद्र बंद आहे किंवा लहर तुमच्यापर्यंत पोचत नाही.

संध्याकाळचा त्रास वेगळा. दिवसा आकाशातला खालचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लांबलांबची केंद्रं वरून परतून येतात. त्याच फ्रिक्वेन्सीवरचं एखादं तुमच्या केंद्रावर चढून बसतं. ट्रान्समीटर पूर्ण शक्तीवर असताना ते दबलेलं होतं, एवढंच.

आता तुमच्या हातातलं. सेट सेलवर चालवा आणि एकदा घराचा मेन स्विच बंद करून ऐका. आमच्या शहापूरच्या घरात महिनाभर घरघर होती, मी केंद्राला नावं ठेवत होतो, आणि निघाला काय, तर देवघरातला स्वस्तातला एलईडी दिवा! आईनं अजून ते मला विसरू दिलेलं नाही.

मग सेट हळूहळू गोल फिरवा. बाहेरची दांडी एफएमसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आत आडवा बसवलेला फेराइटचा काळा रॉड. त्याचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो, रॉडची लांब बाजू केंद्राकडे केली की वाढतो. घरघर करणाऱ्या वस्तूकडे मात्र मुद्दाम टोक करा.

तेवढ्यानं भागलं नाही तर दोन फुटी लाकडी चौकटीवर वायरचे दहा-बारा वेढे घ्या, दोन्ही टोकं जुन्या सेटमधल्या गँगला, म्हणजे केंद्र लावताना फिरतो त्या कपॅसिटरला जोडा. चौकट सेटशेजारी, आतल्या रॉडच्या वेढ्यांना समांतर उभी करा आणि गँग फिरवत राहा. सेटला वायर लावायची गरज नाही, योग्य जागी आवाज आपोआप उचलला जातो.

आणि मेण लावलेल्या कॉइलला स्क्रू ड्रायव्हर लावू नका. मी लावला होता. ट्रान्समीटर पंधरा दिवसांत पूर्ण शक्तीवर आला, आमचा सेट काही आला नाही.