शेवटचं बटण त्याचं त्याला लावू दे

"मावशी, माझा मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. वाचतो छान, पाढे पाठ, गोष्टी रंगवून सांगतो. पण शर्टाची बटणं लागत नाहीत, पोळीचा तुकडा तुटत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून डबा भरलेलाच परत येतो. आंघोळ, बूट, शी धुणं, सगळं मीच करते. लिहायला बसला की पाच ओळींत रडकुंडीला येतो. बाई म्हणाल्या, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. सासूबाई म्हणतात, तूच लाडावून ठेवलंयस. नवरा म्हणतो, या वयात कसली थेरपी, येईल आपोआप. गेल्या महिन्यात दिराच्या लग्नात त्याला सुरवारीची नाडी बांधता येईना. चुलत भावंडं हसली. रात्री मला विचारतो, आई, माझे हात खराब आहेत का? मावशी, माझं काही चुकलं का?
– एक आई, सांगली जिल्हा"

प्रिय मुली,

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते त्याला आजच मिळायला हवं. आज रात्री त्याला जवळ घे आणि सांग, तुझे हात खराब नाहीत. काही कामं तुझ्या हातांना शिकायला जास्त वेळ लागतो, आणि ती शिकवणारी माणसं असतात. आपण त्यांच्याकडे जाणार आहोत.

तू लिहिलंयस ते वाचून मला एका अडचणीची शंका येते. तिला 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर', थोडक्यात डीसीडी म्हणतात. बुद्धी चांगली असते, हातापायांत ताकद असते, पण हालचाल आखायची आणि ती बिनचूक पार पाडायची हे मेंदूला अवघड जातं. आपण दहा वेळा केलं की हात आपोआप चालतो. या मुलांना शंभराव्या वेळीही लक्ष घालूनच करावं लागतं. शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांना हे असतं, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोघं तरी. पत्र वाचून मी त्याच्यावर शिक्का मारणार नाही, तो माझा अधिकारही नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखव, डोळे तपासून घे. आणि एक गोष्ट नीट बघ: जमिनीवरून उठताना तो मांडीवर हात टेकत टेकत उठतो का, किंवा पूर्वी जमत होतं ते हल्ली जमेनासं झालंय का? तसं असेल तर एक दिवसही थांबू नकोस, कारण ते दुखणं वेगळं असू शकतं.

आता तुझ्या नवऱ्याचं म्हणणं. त्याला नावाचाही घोटाळा होत असेल. मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला 'व्यवसायोपचार' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मुलाला कामधंद्याला लावणार की काय. इथे 'व्यवसाय' म्हणजे माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळं. साडेसात वर्षांच्या मुलाचा दिवस जातो दात घासण्यात, कपडे घालण्यात, जेवण्यात, खेळण्यात, लिहिण्यात. तेवढं त्याचं त्याला करता यावं, यासाठी ही थेरपी. आणि ही काल-परवा परदेशातून आलेली टूम नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, ती भारतातली पहिली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची आहे. तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातली, नवऱ्याने नाव ऐकलंही असेल.

"येईल आपोआप" हे मात्र मला मान्य नाही. काही मुलांना येतं. पण डीसीडीच्या पुष्कळ मुलांची अडचण मोठेपणीही उरते. आणि वाट बघण्यात जी दोन-चार वर्षं जातात, त्यांत मूल 'मला जमतच नाही' हे मनाशी पक्कं करतं. तुझ्या मुलाने ते म्हणायला सुरुवात केली आहे, म्हणून मी एवढी घाई करते आहे.

थेरपिस्ट नेमकं काय करतात ते मी जवळून पाहिलंय. माझ्या भाच्याचा मुलगा आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला घेऊन मी कित्येक शनिवार जात होते. पहिल्या दिवशी त्या बाईंनी त्याला शर्ट घालायला सांगितलंच नाही. शर्ट टेबलावर पसरला आणि मला म्हणाल्या, आजी, एक बटण सावकाश लावा आणि तुमचे हात काय करतात ते बोलून दाखवा. मी लावलं, आणि चकित झाले. डाव्या चिमटीत काजाची पट्टी ताणून धरायची. उजव्या चिमटीत बटण उभं धरून काजात सारायचं. अर्धं आत गेलं की उजव्या हाताने ते सोडायचं आणि डाव्या चिमटीने पलीकडून ओढून घ्यायचं. मधे एक क्षण असा येतो की बटण कुठल्याच हातात नसतं, नुसतं काजात अडकलेलं असतं. तो नेमका तिथेच हरायचा, दर वेळी. आम्ही घरचे समजत होतो, याला बटणच लावता येत नाही.

मग त्या बाईंनी उलटीकडून सुरुवात केली. बटण अर्धं आत सारून द्यायच्या आणि त्याने फक्त ओढून घ्यायचं. आठवडाभर तेवढंच. मग सारायचंही त्याने. मग काज शोधायचंही त्याने. यातली खुबी तुझ्या लक्षात येईल: काम पुरं होतं ते दर वेळी मुलाच्या हातून. आपण घरी नेमकं उलट करतो. सुरुवात त्याला करू देतो, तो अडकतो, बस आलेली असते, आणि शेवट आपण करून टाकतो. त्याच्या वाट्याला रोज अडकणंच येतं.

हे तू या रविवारीच सुरू करू शकतेस. सकाळच्या घाईत नाही, सुट्टीच्या दिवशी. जुना, काजं सैल झालेला शर्ट घे. नव्या गणवेशाची काजं घट्ट असतात, त्यावर शिकवू नकोस. पोटावरच्या बटणापासून धर, ते त्याला दिसतं. गळ्याचं बटण दिसत नाही, ते सगळ्यांत शेवटी. बाकीची बटणं तू लाव, एकच त्याचं. ते जमलं की दोन.

डब्याचा प्रश्न तर याहून सोपा आहे, डबाच बदल. दुकानात त्याला घेऊन जा आणि त्याच्या हाताने जो उघडेल तो घे, दिसायला कसाही असो. नाडीच्या जागी सध्या इलॅस्टिक घाल, बुटांना चिकटपट्टीचे बंद घे. याला माघार समजू नकोस. काम सोपं करून देणं हाही या थेरपीचाच भाग आहे. सुरगाठ वर्षभराने शिकवता येईल. मुलगा उपाशी घरी येतोय, ते आधी थांबायला हवं.

पोळी एका हाताने तोडणं खरोखर कठीण काम आहे. दोन बोटांनी दाबायचं, त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी तोडायचं. त्याला दोन्ही हातांनी तोडू दे. भाकरी पोळीपेक्षा सहज मोडते, ती पुढे ठेव. ताटाभोवती सांडेल, सांडू दे.

शी धुण्याचंही तसंच. तू धू, पण शेवटचा मग त्याला ओतू दे. हे लाजेपोटी कुणी बोलत नाही, पण शाळेत मूल दिवसभर दाबून धरतं ते यामुळेच. थेरपिस्टला हे आवर्जून सांग.

थेरपिस्ट निवडताना मात्र डोळे उघडे ठेव. काही केंद्रांत मुलाला बंद दाराआड झोक्यावर बसवतात, मोठ्या चेंडूवर लोळवतात, आणि आई-बाप बाहेर बाकावर. आम्हीही अशा एका ठिकाणी चार महिने घालवले होते, बटण तिथल्या तिथेच राहिलं. जे काम येत नाही तेच काम घेऊन शिकवावं, हे डीसीडीच्या मुलांना अधिक लागू पडतं; २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही हेच आहे. म्हणून पहिल्याच भेटीत बघ, ते मुलाला विचारतात का, की तुला काय जमायला हवंय? तुला आत बसू देतात का? घरी काय करायचं ते लिहून देतात का? यातलं काहीच नसेल तर दुसरीकडे जा. खर्च झेपणार नसेल तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी घे. २०१३ पासूनची ही सरकारी योजना आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिच्यात जिल्हा पातळीवर 'शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं, तिथे तपासणी मोफत होते.

बाईंनी पाठवलं, हे त्यांचे उपकारच समज. त्यांना भेटून एवढंच माग, की वर्गपाठ पुरा झाला नाही तर मधली सुट्टी कापू नका. बरोबर उत्तर तोंडी सांगितलं तर तेही धरा.

राहिला तुझा प्रश्न. तुझं चुकलं नाही गं. मूल अडतं ते बघून हात पुढे जातोच, सातच्या बसला मूल पोचवायचं असेल तर दुसरा उपाय काय? लाडाने बोटं बिघडत नाहीत, हे सासूबाईंना थेरपिस्टच्याच तोंडून ऐकू दे. त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. आणि त्यांच्याकडे एक काम सोपव: संध्याकाळी मटार किंवा शेंगा सोलायला नातवाला शेजारी बसवायचं. शेंग चिमटीत दाबून उकलणं हा बोटांचा उत्तम सराव आहे, आणि हा तास आजी-नातवाचा असेल, त्यात तू नाहीस. थेरपीच्या बाईंनी माझ्याकडून असंच करून घेतलं होतं. आमच्याकडे निम्मे दाणे पोटात जायचे, तरी चालायचं.

नवा डबा घेतलास की पहिल्या आठवड्यात किती दिवस रिकामा परत आला, ते मला कळव.

तुझी,
मावशी