मत फाडल्याची चित्रफीत आणि ताईंची हरवलेली झोप

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मी समुपदेशनाचे काम करते. निवडणुकीच्या दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न वारंवार येतो, पण तो क्वचितच सरळ विचारला जातो; झोप लागत नाही, घरात अबोला आहे, मोबाइल हातात घेतला की छातीत धडधडते, अशा तक्रारींच्या आडून तो हळूहळू पुढे येतो. परदेशातून मुद्दाम पसरवलेल्या खोट्या मजकुरावर आपण विश्वास ठेवला, तो स्वतःच्या हाताने इतरांना पाठवला आणि नंतर ते सगळे बनावट असल्याचे कळले, तर स्वतःच्या बुद्धीवरचा उडालेला विश्वास परत कसा मिळवायचा, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर मी एका ताईंच्या अनुभवातून देते आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या, नोकरी करून संसार उभा केलेल्या आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बरीच वर्षे राहत असलेल्या. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी टपाली मतपत्रिका भरून मतदानाच्या दिवसाच्या पुष्कळ आधी जमा केली होती. २४ ऑक्टोबरला समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरू लागली. बक्स काउंटीच्या पाकिटांसारखी दिसणारी पाकिटे एक व्यक्ती उघडत होती, डोनाल्ड ट्रम्प यांना दिलेली मते फाडत होती आणि कमला हॅरिस यांना दिलेली बाजूला ठेवत होती. नात्यातल्या एकाने ती ताईंना पाठवली आणि त्यांनी ती मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि पुण्याच्या धाकट्या बहिणीला पाठवून दिली. काउंटीच्या निवडणूक मंडळाने त्याच दिवशी जाहीर केले की ती पाकिटे आणि ते साहित्य आपले नाहीच. दुसऱ्या दिवशी एफबीआय, राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांचे कार्यालय आणि सायबर सुरक्षेचे काम पाहणारी सिसा ही संस्था यांनी संयुक्त निवेदन काढून सांगितले की ही चित्रफीत रशियन गटांनी तयार केली आणि पसरवली आहे. बायकांच्या ग्रुपवर एका तरुण मुलीने लिहिले, “काकू, पाठवण्याआधी एकदा बघत जा ना.” ताईंनी त्याच रात्री दोन्ही ग्रुप सोडले.

घरात वेगळेच सुरू झाले. त्यांच्या यजमानांचे म्हणणे असे की ज्यांच्यावर आरोप आहे ते ‘हे खोटे आहे’ असेच म्हणणार, त्यात नवल ते काय. फिलाडेल्फियात राहणाऱ्या मुलीने फोनवर आवाज चढवला, “बाबा, तुम्हाला एवढंही कळत नाही?” आणि फोन ठेवला. ताई माझ्यासमोर बसल्या तेव्हा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लोक मला वेडी म्हणत असतील. पण ते बघताना मला वाटलं, माझंच पाकीट आहे ते. माझंच मत फाडलंय.”

अशा वेळी घरातले लोक पुरावे पुढे करतात आणि समोरच्याने चूक कबूल करावी म्हणून अडून बसतात. मी तिथून सुरुवात करत नाही. शरमेने कोंडलेल्या माणसाला पुरावा हा आणखी एक आरोप वाटतो, आणि त्या आरोपापासून वाचण्यासाठी तो कधी खोट्यालाच घट्ट धरतो, तर कधी, ताईंसारखा, सगळ्यांपासून दूर जातो. म्हणून मी त्यांना विचारले की ती चित्रफीत पाहताना आणि पुढे पाठवताना, मधल्या त्या एका क्षणात, मनात नेमके काय होते. त्या विचार करून म्हणाल्या की भीती होती, आणि भीतीच्या आत संताप होता. त्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या दिवसाची आठवण सांगितली. कार्यालयात त्यांचे नाव कुणाला नीट उच्चारता येत नसे, बढती दोनदा हुकली होती, शेजारपाजारी औपचारिकच राहिले. मात्र मतदान ही या देशातली एक गोष्ट अशी होती की जिथे त्यांचे मोल इतर कुणाइतकेच होते. त्या चित्रफितीने हात घातला होता तो या जागी.

हे ऐकल्यावर मी त्यांना परदेशी अपप्रचाराची कार्यपद्धती सांगितली, कारण स्वतःला मूर्ख समजणाऱ्या माणसाला समोरची तयारी किती होती हे कळणे हा उपचाराचाच भाग आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात इंटरनेट रिसर्च एजन्सी नावाची संस्था होती आणि तिथले पगारी लोक अमेरिकन नागरिक असल्याचे भासवून फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्विटरवर लिहीत असत. तिच्यामागे येवगेनी प्रिगोझिन हा उद्योगपती होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये, २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट म्युलर यांच्या तपासातून १३ रशियन व्यक्ती आणि ३ संस्थांवर आरोपपत्र दाखल झाले, आणि अमेरिकी निवडणुकांत आपण हस्तक्षेप केला असल्याचे प्रिगोझिनने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितले. या संस्थेचा मजकूर सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचला असावा, असा फेसबुकचा अंदाज होता.

आकड्यांपेक्षा ताईंच्या मनाला भिडली ती ह्यूस्टनची घटना. २१ मे २०१६ रोजी त्या शहरातल्या एका इस्लामी केंद्रासमोर एकाच वेळी दोन जमाव आले. एक टेक्सासच्या ‘इस्लामीकरणा’विरुद्ध घोषणा देणारा, दुसरा मुस्लिमांच्या बाजूने उभा राहिलेला. पहिल्याला ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने बोलावले होते आणि दुसऱ्याला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने, आणि ही दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गमधूनच चालवली जात होती. सिनेट या अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीसमोर झालेल्या सुनावणीत या सगळ्याचा खर्च सुमारे २०० डॉलर सांगण्यात आला. रस्त्यावर आलेली माणसे मात्र खरी होती, त्यांचा राग खरा होता आणि एका बाजूची भीतीही खरी होती. ताईंनी विचारले, “म्हणजे दोन्हीकडचे फसले?” मी हो म्हटले. माझ्यासमोर त्यांचे खांदे पहिल्यांदा सैल पडलेले मी पाहिले.

असा अपप्रचार करणाऱ्यांचे बळ कल्पकतेत फारसे नसते. आधीपासून दुखणारी जागा ओळखण्यात असते. २०१६ मध्ये त्यांनी सर्वाधिक लक्ष्य केले ते कृष्णवर्णीय अमेरिकनांना, असे सिनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या २०१९ च्या अहवालात म्हटले आहे. पोलिसांकडून होणाऱ्या हिंसेबद्दलचा त्या समाजाचा संताप कुणी परदेशात बसून निर्माण केला नव्हता, तो अनुभवातून आलेला होता. ‘ब्लॅकटिव्हिस्ट’ यांसारख्या बनावट पानांनी त्याच संतापाच्या आधारे लोकांचा विश्वास मिळवला. म्हणून “यावर विश्वास कसा ठेवलास?” असे आपल्या माणसाला विचारण्याऐवजी “यातल्या कशाने तुला दुखावलं?” असे विचारावे, असा माझा आग्रह असतो. पहिल्या प्रश्नावर माणूस गप्प होतो, दुसऱ्यावर बोलायला लागतो.

शरम थोडी उतरली तेव्हा तिच्याखाली दडलेली दुसरी इजा दिसू लागली, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर असते. मतदानाच्या आधीच्याच आठवड्यात बक्स काउंटीत टपाली मतपत्रिकेसाठी प्रत्यक्ष अर्ज करायला रांगेत उभ्या राहिलेल्या काही मतदारांना परत पाठवण्यात आले होते. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने ३० ऑक्टोबरला आदेश देऊन अर्जाची मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. ही बातमी संपूर्ण खरी होती. ताईंनी ती वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “हेही कुणीतरी बनवलेलंच असणार. मला आता काहीच खरं वाटत नाही, आणि यापुढे मी मतदानही करणार नाही.” खोट्यावर विश्वास बसण्याने होणारे नुकसान सगळ्यांना दिसते, खऱ्यावरचा विश्वास उडण्याने होणारे नुकसान घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही, कारण असा माणूस भांडत नाही, तो फक्त मागे सरतो. नागरिकाने असे मागे सरावे हाच या मोहिमांचा एक मोठा हेतू असतो.

यावर “विश्वास ठेवायला शिका” असे सांगून काहीही होत नाही. आम्ही स्वतःला तपासता येईल अशा, हाताशी असलेल्या गोष्टींपासून सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत, आणि तो दिवस ५ नोव्हेंबर होता. मग २४ ऑक्टोबरला फिरणाऱ्या चित्रफितीत ती उघडलेली कशी? हा प्रश्न ताईंनी स्वतःच विचारला, मी तो त्यांच्या तोंडी घातला नाही. नंतर त्यांनी राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या मतपत्रिकेची स्थिती पाहिली, तर पाकीट काउंटीकडे पोहोचून नोंदले गेल्याचे तिथे दिसले. त्या नोंदीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. चित्रफीत खोटी आहे हे त्यांना कितीतरी जणांनी सांगून झाले होते, पण त्यांचा स्वतःचा कागद सुरक्षित आहे हे त्या दिवशीच त्यांना कळले.

मग कसोटीचा प्रसंग आला. अटलांटाच्या नणंदेने त्यांना एक नवी चित्रफीत पाठवली. हैतीहून आलेला असल्याचे सांगणारा एक माणूस आपण जॉर्जियातल्या ग्विनेट काउंटीत अनेकदा मतदान केल्याचा दावा त्यात करत होता. राज्याच्या निवडणुकांचे काम पाहणारे जॉर्जियाचे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांनी ३१ ऑक्टोबरला ती खोटी असल्याचे सांगितले, आणि १ नोव्हेंबरला त्याच तीन केंद्रीय यंत्रणांनी तीही रशियन गटांचीच असल्याचे जाहीर केले. ताईंना मी एवढेच सुचवले होते की काही पाहून छातीत धडधडले, तर ती धडधड ही थांबण्याची सूचना समजायची. ज्या काउंटीबद्दल किंवा राज्याबद्दल दावा आहे तिथल्या निवडणूक अधिकाऱ्यांचे म्हणणे वाचेपर्यंत काहीही पुढे पाठवायचे नाही. त्या एक रात्र थांबल्या आणि सकाळी नणंदेला अधिकाऱ्यांचे निवेदन पाठवले, सोबत एकही टोमणा न लिहिता.

इथे मला मुलीबद्दलही बोलायला हवे. तिला आम्ही पुढच्या एका भेटीत बोलावले. ती हुशार आहे, तिचे आईवडिलांवर प्रेम आहे, पण परदेशी अपप्रचाराची माहिती झाल्यापासून वडिलांचे कोणतेही मत ती “हा रशियन प्रोपगंडा आहे” असे म्हणून मोडीत काढू लागली होती. करांबद्दल, स्थलांतराबद्दल वडिलांची मते त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून घडलेली होती. २०१६ च्या ट्विटरवरील रशियन खात्यांचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की तो मजकूर जितक्या वेळा लोकांना दिसला, त्यातला सुमारे ७० टक्के वाटा केवळ १ टक्का वापरकर्त्यांचा होता, आणि त्यामुळे लोकांची मते किंवा मतदानाचे वर्तन बदलल्याचा अर्थपूर्ण संबंध दिसला नाही. हा अभ्यास एकाच माध्यमाचा आणि एकाच निवडणुकीचा आहे, त्यामुळे त्यावरून सगळ्यांनी निर्धास्त व्हावे असे मी म्हणणार नाही. पण मतभेद असलेल्या प्रत्येक माणसामागे परदेशी हात पाहिला, तर घरातला संवाद संपतो, आणि तो संपवायला मग बाहेरच्या कुणाची गरज उरत नाही. मुलीने वडिलांना, “बाबा, तुम्हाला टपाली मतांची भीती नेमकी का वाटते?” असे विचारले. वडील अर्धा तास बोलले. ती बऱ्याच मुद्द्यांशी सहमत नव्हती, पण तिने मध्ये तोडले नाही.

पुण्याच्या बहिणीने ताईंना विचारले होते की आपल्याकडेही असे होते का. होते, आणि त्याची नोंद आहे. मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक सुरू असताना स्टोइक या इस्रायली कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने भारतीय निवडणुकीबद्दल भाजपवर टीका करणारा आणि काँग्रेसची स्तुती करणारा मजकूर तयार करायला सुरुवात केली होती, आणि तो प्रकार २४ तासांच्या आत थांबवल्याचे ओपनएआय कंपनीने आपल्या अहवालात म्हटले. बहिणीने हे वाचून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर काय काय आले होते ते आठवायला घेतले, असे ताई सांगत होत्या.

ग्रुपवर परत जाणे ताईंना सर्वांत अवघड गेले. दुरुस्तीचा निरोप लिहिताना पहिल्या मसुद्यात त्यांनी इतक्या वेळा क्षमा मागितली होती की वाचणाऱ्याला कीव यावी. तो आम्ही बाजूला ठेवला. शेवटी त्यांनी लिहिले : “मी २४ तारखेला पाठवलेली मतपत्रिकांची चित्रफीत बनावट होती. काउंटीने आणि एफबीआयने तसे जाहीर केले आहे. ती पाहून मला माझ्या मताची काळजी वाटली म्हणून मी पाठवली. तुमच्यापैकी कुणी टपालाने मत दिले असेल, तर ते पोहोचले का हे राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येते, मी पाहिले.” खाली संकेतस्थळाचा पत्ता दिला. त्या संध्याकाळी दोघी मैत्रिणींनी त्यांना स्वतंत्रपणे फोन करून सांगितले की चित्रफीत आपल्यालाही खरीच वाटली होती आणि आपणही ती पुढे पाठवली होती, फक्त बोलायचे धाडस झाले नाही. ज्या मुलीने त्यांना टोकले होते तिने आपले मत कसे शोधायचे ते विचारले.

झोप पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. यजमानांचे मत पूर्ण बदललेले नाही. चित्रफीत खोटी होती हे ते आता मान्य करतात, कारण काउंटीतल्या, ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या समितीनेही ती बनावट असल्याचे सांगितले होते आणि तो शब्द त्यांना जवळचा वाटला. पण टपाली मतदान त्यांना अजूनही पटत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या स्थानिक निवडणुकीत ते केंद्रावर जाऊन मत देऊन आले, ताईंनी टपालाने दिले आणि पाकीट पोहोचल्याची नोंद त्यांना मोबाइलवर दाखवली. यावरून त्यांच्यात अधूनमधून वाद होतो, असे ताईंनी शेवटच्या भेटीत सांगितले, आणि तेवढ्यासाठी पुन्हा येण्याची गरज नाही, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले.