गच्चीवर हळदीच्या तीन-चार जाती शेजारी शेजारी लावल्या तर त्या एकमेकींत मिसळतील का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जाती मिसळतील का, किराणा दुकानातली हळकुंडं लावून चालतील का, आणि काळी हळद ऑनलाइन घ्यावी का.

पहिल्याचं उत्तर नाही. बिनधास्त शेजारी शेजारी लावा. आपली नेहमीची हळद बियांवर वाढतच नाही. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे फुलोरा आला तरी त्यात सहसा बी धरत नाही. सेलम जातीच्या गड्ड्याला, म्हणजे कंदाला, सेलमच येते, राजापुरीच्या गड्ड्याला राजापुरीच. आपण दरवर्षी तेच जुनं झाड पुढे नेत असतो.

मिसळ होते ती आपल्याच हातून, काढणीच्या वेळी. मातीत बोटाएवढा तुकडा राहिला तरी पुढच्या जूनमध्ये तो हमखास उगवतो, आणि तोवर त्या लागवडीच्या पिशवीत (ग्रो बॅगमध्ये) तुम्ही दुसरीच जात लावलेली असते. पानांवरून ओळखायला जाल तर सेलम आणि कृष्णा यांत नवख्याला फरक सापडत नाही. म्हणून एका पिशवीत एकच जात ठेवा, काढणीनंतर माती चाळून घ्या आणि पिशवीत पेन्सिलीने नाव लिहिलेली पट्टी खोचा. मार्करची शाई उन्हापावसात उडून जाते, पेन्सिल टिकते.

आता हळकुंडं. दुकानातलं पिवळंधमक हळकुंड शिजवून, वाळवून, पॉलिश केलेलं असतं. त्यातला जीव शिजतानाच गेलेला असतो, ते मातीत फक्त कुजेल. हिवाळ्यात भाजीबाजारात लोणच्यासाठी ओली हळद येते, ती मात्र उगवते. फक्त ती कोणत्या जातीची हे विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. जात हवी असेल तर बेणं, म्हणजे लावायचे कंद, हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून किंवा संशोधन केंद्राकडूनच घ्या.

बेणं हातात घेऊन नीट बघा. जेठा गड्डा, म्हणजे मधला मूळ कंद, पन्नासेक ग्रॅमच्या वर हवा. त्यावर आडव्या वळ्या असतात आणि वळ्यांच्या कडेला डोळे. डोळा जिवंत असेल तर टोक फुगीर आणि फिकट पिवळसर दिसतं. अंगठ्याने दाबून बघा, गड्डा टणक लागला पाहिजे. मऊ लागला किंवा आंबूस वास आला तर कंदकुज आत शिरलेली आहे, फुकट मिळाला तरी घेऊ नका. ओली, न शिजवलेली हळकुंडं, म्हणजे बाजूची बोटं, बेणं म्हणून चालतात, पण जेठ्यावरून येणारं झाड सुरुवातीपासून जास्त जोमदार असतं.

जातींचं म्हणाल तर पहिल्या वर्षी सेलम लावाच. महाराष्ट्रात सगळ्यात सहज मिळते आणि उत्पन्नही चांगलं देते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची फुले स्वरूपाही घरी लावण्याजोगी आहे. घाई असेल तर प्रगती, ती साधारण सहा महिन्यांत तयार होते, बाकीच्या आठ-नऊ महिने घेतात. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद (2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं) आणि मेघालयातली लाकाडोंग कुरकुमीनसाठी, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकासाठी, प्रसिद्ध आहेत. दोन्ही हौसेने लावा. पण कुरकुमीन जातीइतकंच माती आणि हवामानावरही अवलंबून असतं. लाकाडोंगमध्ये जयंतिया टेकड्यांवर ते सात टक्क्यांच्या आसपास भरतं म्हणून पुण्याच्या गच्चीवरही तितकंच भरेल, असं धरून चालू नका.

आंबेहळद ही जात नाही, वेगळीच वनस्पती आहे. कापली की आत फिकट पिवळी आणि वास थेट कैरीचा! मला विचाराल तर घरच्या बागेत सगळ्यात आनंद हीच देते, कारण काढल्या दिवशीच तिचं लोणचं घालता येतं. काळी हळदही वेगळी वनस्पती. तिच्या पानाच्या मधोमध जांभळट पट्टा असतो, पण तसाच पट्टा कचोऱ्याच्या, म्हणजे हळदीच्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीच्या, पानावरही असतो. तेव्हा पानाचा फोटो बघून पैसे देऊ नका, कापलेल्या कंदाचा फोटो मागा. आत निळसर रंग दिसला पाहिजे. धनलाभाच्या गोष्टी सांगून ती अवाच्या सवा भावाने विकतात याचा मला फार राग येतो. झाड सुंदर आहे, तेवढ्यासाठी लावा.

लागवड अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याआधी गड्डा झोपलेला असतो, जबरदस्तीने उगवत नाही. पिशवी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्या, फूटभर खोल आणि दीड फूट रुंद पुरते, कारण हळकुंडं आडवी पसरतात. माती, कुजलेलं शेणखत आणि निचऱ्यासाठी थोडी वाळू किंवा कोकोपीट घ्या. डोळा वर ठेवून दोन-अडीच इंच खोल लावा. चार-पाच तास ऊन पुरतं, कोकणात ती माडांच्या सावलीतही येते. तिला मारतं ते साचलेलं पाणी. जुलैच्या झडीत पिशवीची भोकं मोकळी आहेत ना, हे बघत राहा. कंदकुज झालेली माती पुन्हा हळदीला किंवा आल्याला वापरू नका. अडीच-तीन महिन्यांनी वरून माती आणि शेणखताची भर द्या. उघडे पडलेले कंद उन्हाने हिरवे पडतात आणि वाढ खुंटते.

श्रावणात पातोळ्यांसाठी पानं काढाल, काढाच. फक्त प्रत्येक झाडाची बाहेरची एक-दोनच. कंद पोसला जातो तो या पानांवरच.

जानेवारीनंतर पानं पिवळी पडून आडवी होतील. पाणी तोडा आणि पाला पूर्ण वाळेपर्यंत खणू नका. घरच्या पुडीसाठी कंद पाण्यात पाऊण-एक तास शिजवा, काडी सहज आत गेली की झालं. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा. मोडताना खट्कन आवाज आला पाहिजे. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर सुकी होते, त्यामुळे वर्षाची हळद घरचीच हवी असेल तर पिशव्यांचा हिशोब आधीच करा.

शिजवायला घेण्याआधी प्रत्येक जातीचे चांगले जेठे गड्डे बाजूला काढा, आपापल्या पट्टीसह वेगवेगळ्या टोपल्यांत कोरड्या वाळूत सावलीला ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत तर मेपर्यंत निम्मे सडतील.