नाताळच्या आठवड्यात शिबिर घेऊ नका

प्रश्न: आमच्या चर्चचा तरुण संघ नाताळच्या आठवड्यात पाथर्डी-आष्टी भागातल्या एका गावात एक दिवसाचं मोफत वैद्यकीय शिबिर घेणार आहे. दीडशे-दोनशे लोकांसाठी कोणती औषधं न्यावीत, साधारण खर्च किती येईल, आणि सुरुवातीला छोटी प्रार्थना ठेवली तर चालेल का?

उत्तर:

मी बत्तीस वर्षं परिचारिका होते. शिकले मिरजेला, नोकरी आधी मिशनच्या दवाखान्यात आणि मग सरकारी. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं आणि थोरला भाऊ चर्चचा पाळक. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस लिहायचं टाळलं, कारण तुम्ही जे शिबिर घेणार आहात ते आम्ही भावंडांनी एकदा घेतलेलं आहे.

शिबिर घेऊ नका. नाताळच्या आठवड्यात तर नाहीच नाही.

डिसेंबरात त्या गावांत कोण असतं? दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात आणि धडधाकट माणूस कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातो, तो पाडव्याच्या सुमाराला परततो. पोटुशी बाई उसाच्या फडात, तिची रक्त कमी असलेली नणंद फडात, खोकणारा दीरही फडात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या पदराला धरलेली नातवंडं. तुम्ही तपासणार त्यांनाच. त्यांनाही गरज आहे, पण त्यांना जे दुखणं आहे ते एका दिवसात बरं होणारं नाही. ते जन्मभराचं आहे.

२०१४ च्या डिसेंबरची गोष्ट. दादा तेव्हा नगरजवळच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होता. त्याने आमच्याच गावात शिबिर ठरवलं, आईवडिलांच्या आठवणीसाठी. हेतू चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणत होते. शहरातल्या एका दवाखान्याचे चार डॉक्टर, तरुण संघाची पंधरा मुलं, औषधांचे सात खोके. मला म्हणाला, तू बीपी आणि वजनाला बस. मी बसले.

शाळेच्या व्हरांड्यात नऊला सुरू व्हायचं ते साडेदहाला सुरू झालं, कारण आधी गीतं झाली, मग वचन, मग प्रार्थना. म्हातारी माणसं थंडगार फरशीवर बसून होती. खोके दाराशी मांडलेले. कुणी उठून गेलं नाही. दादाला वाटलं लोक मन लावून ऐकताहेत. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. सगळ्यांचे डोळे खोक्यांवर होते.

रांगेत शेजारची मावशी आली. ती ख्रिस्ती नव्हे, पण आईची जिवाभावाची मैत्रीण. उन्हाळ्यात दोघी आमच्या अंगणात कुरडया घालायच्या. तिचं बीपी २१० वर ११६ आलं. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, दुसऱ्या हाताला घेतलं, आकडा जागचा हलेना. डॉक्टरांनी बीपीची गोळी ॲम्लोडिपिन लिहून दिली, दहा दिवसांची. गुडघे दुखतात म्हणाली म्हणून दुखण्याच्या गोळ्या, त्याही दहा दिवसांच्या. वर टॉनिकची बाटली. मुलांनी दोन्ही गोळ्या वर्तमानपत्राच्या एकाच पुडीत बांधून हातात दिल्या.

दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलींनाही शिकवतात. मला दिसत होतं. मागे शंभर माणसं उभी होती आणि मी गप्प बसले. मावशीने विचारलं, "संपल्यावर काय करू गं?" मी म्हटलं, "उपकेंद्रात जा." एवढंच. कोणत्या वारी जायचं, कुणाला भेटायचं, कोणती गोळी मागायची, काही सांगितलं नाही, काही लिहून दिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. उपकेंद्र साडेतीन किलोमीटरवर, आणि घरात दोन नातवंडं सांभाळायला.

त्या दिवशी ३१२ माणसं तपासली. हा आकडा दादाच्या अहवालात आला, फोटोंसकट.

फेब्रुवारीत एका पहाटे मावशीच्या अंगावरून वारं गेलं. मोठा नातू नऊ वर्षांचा, तोच शेजारीपाजारी धावला. मुलगा आणि सून सांगली जिल्ह्यात तोडीवर होते. निरोप पोचून, मुकादमाला विनवून ती दोघं घरी आली तिसऱ्या दिवशी. मी गेले तेव्हा तिच्या उशाखाली तीच पुडी होती. दुखण्याच्या गोळ्या संपलेल्या, कारण त्या घेतल्या की लगेच बरं वाटायचं. बीपीच्या चार शिल्लक होत्या. नातू म्हणाला, "आजी चक्कर आली की एक घ्यायची."

मावशी पुढे अडीच वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं करायला सून घरी राहिली, मुलगा एकटा अर्धा कोयता म्हणून जायला लागला (नवराबायको मिळून एक कोयता धरतात) आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेना.

दादाशी माझं भांडण झालं ते मावशीच्या ओट्यावरच. तो म्हणाला, आपण गेलो नसतो तर तिला बीपी आहे हेही कळलं नसतं. मी म्हटलं, कळून तिला काय मिळालं? तो म्हणाला, बायबलात आहे तसं आपण लावायचं, वाढवणारा देव आहे. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, अरे, त्याच वचनात पौलाने लावलं आणि अपुल्लोसाने पाणी घातलं असं आहे ना? मग आपल्यातला अपुल्लोस कुठे आहे? तो उठून गेला. त्या ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गोळी मिळेपर्यंत ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे प्रार्थना करू नका. निघण्याआधी आपल्या देवळात करा, हवी तेवढी लांब करा. तिथे जाऊन करायचीच असेल तर काम संपल्यावर, खोके रिकामे झाल्यावर करा आणि मग कोण थांबतं ते बघा. मी श्रद्धेने ख्रिस्ती आहे, रोज पहाटे प्रार्थना करते, म्हणूनच हे बोलते. शाळेत असताना "काय मिळालं गं धर्म बदलून?" असं मला विचारलं जायचं. त्या प्रश्नाला आमच्या आजोबांनी आयुष्यभर आपल्या वागण्यातून उत्तर दिलं. खोक्यांपुढची एक प्रार्थना ते उत्तर पुसून टाकते.

मिशनच्या कामावर माझा राग आहे असं समजू नका. मी आज जी काही आहे ती मिशनच्या दवाखान्यामुळे. मिरजेचं रुग्णालय डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलं. माणूस कॅनडात जन्मलेला, १८८९ ला इकडे आला आणि जवळजवळ चाळीस वर्षं राहिला. शस्त्रक्रिया केल्या, इथल्या माणसांना वैद्यक शिकवलं, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं. मिरजेजवळ अजून वानलेसवाडी नावाचा भाग आहे. चाळीस वर्षं एका जागी राहिलेल्या माणसाकडे रोगी परत येतो, टाके काढायला येतो, पुढच्या वर्षी पोराला घेऊन येतो. औषधाइतकंच ते परत येणं महत्त्वाचं.

आणि तुम्ही ज्या भागात चालला आहात त्याच्या शेजारीच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी आपल्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बरा करून घरी पाठवलेला माणूस तेच दुखणं घेऊन पुन्हा येतो, कारण गावातलं पाणी तेच, उपासमार तीच. अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. तेव्हा त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिशीच्या आत आला.

तो कसा आला हे मला परिचारिका म्हणून फार टोचलं होतं. शिकताना आम्हाला जामखेड दाखवायला नेलं होतं. तिथे कळलं की सुरुवातीला त्यांनी आमच्यासारख्या शिकलेल्या नर्सबायांना गावात ठेवून पाहिलं आणि ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी, तिला गाव आपलं म्हणेना, तीही तिथे रमेना. मग गावानेच निवडलेल्या बायका घेतल्या. कित्येक शाळेत न गेलेल्या, कित्येक दलित. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवलं. बाळंतपणात स्वच्छता कशी ठेवायची, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा माणूस कसा ओळखायचा. हातपंप घ्यायचे तर ते दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. आम्ही गेलो त्या गावातल्या बाईने आम्हा वीस मुलींना घरोघर फिरवलं. कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाच्या पापण्या आतून पांढऱ्या आहेत, कोणत्या पोराचं वजन मागच्या महिन्यापासून वाढलं नाही, सगळं तोंडपाठ. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला माझ्या टोपीचा फार अभिमान होता. परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही.

१९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात भरलेल्या आरोग्य परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव केला, तेव्हा जामखेडचं काम आठ वर्षांचं झालं होतं. पुढच्या वर्षी दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगावी आशाताई आहेत. गावातल्याच बाईला शिकवायचं, हा त्यातला विचार जामखेडने कितीतरी आधी करून दाखवला होता. हे आपल्या जिल्ह्यात झालं, आपल्या मंडळींतल्या माणसांनी केलं, आणि तरी आपला तरुण संघ खोके भरायचाच विचार करतो, याचं मला वाईट वाटतं.

आता तुम्हाला औषधांची यादी हवी आहे. मी देणार नाही. औषधं विकत घेऊच नका. बीपीची आणि साखरेची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. क्षयाची सगळी औषधं सरकार देतं. तुमच्या पैशातून बीपीची दोन चांगली यंत्रं, एक साखर तपासायचं यंत्र, वजनकाटा आणि एक जाड वही घ्या. जायच्या आधी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, त्या गावच्या आशाताईला भेटा. गावात आधीपासून काम करणारी बाई तीच आहे, तिला डावलून काही करू नका. ज्याचं बीपी जास्त निघेल त्याचं नाव वहीत लिहा, त्याला केंद्रात नेण्याचा वार ठरवा आणि त्या वारी तुमच्यापैकी कुणीतरी गाडी घेऊन हजर राहा. दर महिन्याला जा. चौघं गेलात तरी पुरे. दोनशे माणसांऐवजी वीस माणसांचं बीपी वर्षभर आटोक्यात राहिलं तर ते फार मोठं काम आहे. आणि पहिली फेरी पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आत करा, म्हणजे तोडीला जाणारी माणसं भेटतील. त्यांना निघताना तीन-चार महिन्यांच्या गोळ्या कशा मिळतील हे केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या गोळ्यांच्या पुड्या मात्र कृपा करून वाटू नका.

सगळीच शिबिरं वाईट असं मी म्हणत नाही. मोतीबिंदूचं शिबिर चांगलं असतं, कारण तिथे माणसाला नेतात, शस्त्रक्रिया करतात, पट्टी काढतात, चष्मा देतात आणि पुन्हा तपासायला बोलावतात. पूर आला, साथ आली, तर जे मिळेल ते घेऊन धावावंच लागतं. आणि मी डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. मावशीला रोज गोळ्या मिळाल्या असत्या तरी झटका आलाच नसता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दादाच्या बाजूनेही सांगते. ती अंथरुणावर असताना दर पंधरा दिवसांनी तो तिच्याकडे जायचा, धान्य न्यायचा, तिच्या नातवाची फी भरायचा. मला हे ती गेल्यावर सुनेकडून कळलं. त्याच्या कुठल्याही अहवालात त्याने ते लिहिलेलं नाही. मला विचाराल तर त्याने केलेलं खरं मिशनचं काम तेच, आणि तो मात्र अजून ३१२ चा आकडा सांगतो.

दादाची मुलगी त्याला माझं लिहिलेलं वाचून दाखवते, म्हणून हे त्याच्यासाठी. दादा, मावशीच्या सुनेचं बीपी गेल्या महिन्यात १६० आलं, आणि तिने अजून एकही गोळी सुरू केलेली नाही. बुधवारी तिला केंद्रात न्यायचं आहे. मी सकाळी सातच्या गाडीने नगरला उतरते, तू स्टँडवर ये.