डोळ्यांचा व्यायाम सकाळी की कामाच्या मधे?

प्रश्न : नमस्कार मॅडम, वय ४१, अकाउंट्सला आहे, रोज आठ-नऊ तास एक्सेल. दुपारी चारनंतर डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरतं, कपाळ ठणकतं आणि स्क्रीनवरून नजर काढली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा थोडा वेळ धूसर दिसतं. दोन महिने झाले सकाळी दहा मिनिटं व्हिडिओ बघून डोळे गोल फिरवतो, वर-खाली करतो, पण फरक शून्य. काही चुकतंय का? आणि याने चष्म्याचा नंबर जातो का?

उत्तर : नंबरचं आधी सांगते, जात नाही. तो मुख्यतः डोळ्याची लांबी आणि समोरच्या पारदर्शक पडद्याचा बाक यावर ठरतो, डोळे फिरवून यातलं काहीच बदलत नाही. सकाळचा व्यायाम वाईट नाही हो, पण तेव्हा डोळे ताजेतवाने असतात, त्रास तर नंतर कामात होतो.

आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं, आणि जे मिटतो तेही अर्धवट, त्यामुळे अश्रूंचा थर वाळतो आणि चुरचुर सुरू होते. म्हणून माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे पापण्या हलकेच पूर्ण मिटा, दोन अंक मोजा, उघडा, असं दहा वेळा. फाइल सेव्ह केली की करा, फोन ठेवला की करा, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

घड्याळ धूसर दिसतं कारण जवळचं बघताना डोळ्यातला एक छोटा स्नायू आवळलेला असतो आणि तासन्‌तास तसाच राहिला की सैल व्हायला वेळ घेतो. त्यासाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा. अलार्म लावला तर दोन दिवसांत वैताग येऊन बंद कराल, त्यापेक्षा खुर्ची अशी ठेवा की मान वळवली की खिडकी दिसेल.

स्क्रीन हातभर लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खालीच हवी, नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी वाळतो. एसीचा झोत तोंडावर नको. ब्लू लाइटच्या चष्म्यावर खर्च करू नका, २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात थकवा कमी झाल्याचं काही दिसलं नाही. लाली घालवणारे ड्रॉप्सही मनाने घालू नका, काहींनी नंतर लाली उलट वाढते.

आणि एक, चाळिशीत जवळचा नंबर लागतोच, तो नसेल घेतला तर कपाळ त्यानेही ठणकू शकतं, तेव्हा या महिन्यात डोळे तपासून घ्याच. एकाच डोळ्यात दुखणं, दोन-दोन दिसणं, विजेसारखे चमकारे किंवा अचानक अंधारी असं काही झालं तर मात्र व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.