वळूशिवाय झालेली कालवड वसुबारसेला ओवाळावी का?

प्रश्न : आमच्या गीर गाईचं, कपिलेचं, आता वय झालं. भरात असताना ती दिवसाला चौदा लिटर दूध द्यायची. हरियाणातल्या कर्नालला गीर गाईचं क्लोन केलेलं, म्हणजे गाईच्याच पेशीपासून वळूशिवाय तयार केलेलं, वासरू जन्मल्याचं वाचलं तेव्हापासून कपिलेचंही तसं करून घ्यावं असं मनात आहे. वडील माळकरी आहेत. ते म्हणतात, ‘वळूशिवाय झालेलं वासरू म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. असल्या गाईचं दूध मी पंचामृताला घेणार नाही, वसुबारसेला तिला ओवाळणारही नाही.’ आपल्या धर्माचा याला खरंच विरोध आहे का?
— एक पशुपालक, खटाव तालुका

उत्तर : आधी ती कालवड कशी झाली ते वडिलांना नीट सांगा. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ रोजी जन्मलेली ही गंगा. जन्मली तेव्हा वजन ३२ किलो. तिच्यामागे तीन गाई आहेत. साहिवाल गाईच्या अंडाशयातून, सोनोग्राफीवर बघत, सुईने स्त्रीबीज काढलं. त्यातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, काढून टाकलं आणि गीर गाईच्या शरीरातली एक साधी पेशी त्याच्याशी जोडली. प्रयोगशाळेत वाढवलेला तो गर्भ तिसऱ्या, संकरित गाईच्या पोटात सोडला. नऊ महिने तिनेच तो वाढवला. जनुकांत काही घातलं नाही की काढलं नाही. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

आता धर्माचं. आपल्याकडे सगळ्यांच्या वतीने निकाल देणारं एक पीठ नाही. ज्यांच्याकडे अशी व्यवस्था आहे, त्यांनी क्लोन करून जन्मलेल्या डॉली मेंढीची बातमी फुटली त्याच वर्षी, १९९७ साली, मत मांडलं. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने माणसाचं क्लोनिंग साफ नाकारलं. झाडं आणि प्राणी यांच्या बाबतीत खरी गरज असेल, जनावराचं रक्षण होत असेल आणि जीवजातींची विविधता राखली जात असेल, तर हरकत नाही असं म्हटलं. जेद्दाच्या इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्र) अकादमीनेही माणसाला बंदी घातली आणि प्राणी-वनस्पतींना हित-अहित पाहून मुभा दिली. दोन्हीकडे अट घातलेली आहे, ती मला महत्त्वाची वाटते.

आपल्या परंपरेत देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात गेला आणि बलराम जन्मला. वडिलांना ही कथा पाठ असणार. यावरून पूर्वी आपल्याकडे हे तंत्रज्ञान होतं असं कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. पण दुसरीच्या पोटी वाढलेल्या जिवाला आपण कधी कमी लेखलं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. कलमाच्या झाडाचा हापूस आपण देवापुढे ठेवतोच, आणि ते कलम म्हणजे मूळ झाडाची जनुकीय प्रतच असते. एकाच गर्भाची दोन जुळी होतात, तरी दोघांचं नशीब वेगळं, भोग वेगळे. गंगाही तशीच, एक स्वतंत्र जीव. तिला ओवाळायला माझ्या मते काहीच आडकाठी नाही.

वडिलांच्या ओळखीत कोणी इन्शुलिन घेत असेल तर हेही सांगा. १९८२ सालापासून बाजारात आलेलं मानवी इन्शुलिन जिवाणूत माणसाचं जनुक घालून तयार होतं. त्याआधी ते कत्तलखान्यातल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. माळकरी माणसाने यातलं कोणतं पत्करावं?

तरीही वडिलांचं बोलणं उडवून लावू नका. पशुवैद्यकीय खात्यात नवा असताना मी गोठवलेल्या रेतमात्रांचा नायट्रोजनचा कॅन गाडीला बांधून कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरायचो. जन्मलेल्या वासराला लोक ‘इंजेक्शनचं’ म्हणायचे. एका आजींनी मला गोठ्याच्या दारातच अडवलं. म्हणाल्या, ‘हिला काय वाटतं ते विचारलंस का?’ त्यांच्या प्रश्नात गाईची बाजू होती, आणि क्लोनिंगच्या बाबतीत तीच बाजू सगळ्यांत अवघड आहे.

डॉलीसाठी २७७ स्त्रीबीजं वापरली. त्यातून २९ गर्भ सोडण्याजोगे झाले आणि जगलं एक कोकरू. कर्नालमध्येच २००९च्या फेब्रुवारीत म्हशीचं क्लोन केलेलं पहिलं रेडकू जन्मलं आणि काही दिवसांतच न्यूमोनियाने गेलं. त्यानंतरची गरिमाही जेमतेम दोन वर्षं जगली. पुढे गरिमा-२ मोठी झाली आणि २०१३ साली तिला रेडी झाली, तेव्हा मलाही आनंद झाला होता. पण क्लोनच्या गाभणपणात गाभडण्याचं, म्हणजे गर्भ पडण्याचं, प्रमाण फार असतं. गर्भाभोवती पाणी साचतं, वासरू अवाजवी मोठं होतं आणि गाय अडते. अडलेली गाय मी पुष्कळदा पाहिली आहे. खांद्यापर्यंत हात आत, वासराच्या खुरांना दोरी, आणि गाय मान टाकून जमिनीवर घासते, डोळे बाहेर आलेले. हे ज्याने बघितलं तो यशस्वी वासराच्या फोटोवर समाधान मानणार नाही.

२००८ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं, क्लोन केलेल्या गाईचं दूध नेहमीच्या दुधाइतकंच सुरक्षित आहे. पंचामृताची शंका तिथे मिटते. त्याच महिन्यात युरोपच्या नीतिविषयक सल्लागार गटाने म्हटलं, गर्भ वाढवणाऱ्या माद्यांचे आणि वासरांचे हाल पाहता अन्नासाठी हे करणं योग्य वाटत नाही. मला हे दुसरं म्हणणं पटतं. कोणी देवाच्या कामात हात घातला म्हणून मी अडवणार नाही, पण त्या हाताखाली किती गाई गाभडल्या याचा हिशेब जरूर मागेन. माणसाच्या क्लोनिंगला माझा ठाम विरोधही याचसाठी आहे. तिथे फसलेला प्रयत्न म्हणजे एक लेकरू असेल.

राहता राहिली कपिला. आज आपल्याकडे पशुपालकाला स्वतःच्या गाईचं क्लोन करून मिळेल अशी सोय नाही. असती तरी जन्मलं असतं ते एक नवं वासरू. त्याला तुमचा आवाज ओळखीचा नसता, आणि चौदा लिटरची हमीही नसती, कारण दूध चारा, पाणी आणि निगा यांवरही ठरतं. शिवाय चांगल्या गाईच्या प्रतींनीच गोठे भरले तर एका रोगात सगळेच झोपतील. लंपी या त्वचारोगाच्या साथीत एकाच दावणीचं एक जनावर गेलं आणि शेजारचं तगलं, हे तुम्ही पाहिलंच असेल.

कपिलेची एखादी कालवड गोठ्यात असेल तर तिच्याकडे लक्ष द्या. ती माजावर आली की सिद्ध (ज्याच्या कालवडींचं दूध तपासून पारखलेलं आहे अशा) गीर वळूची रेतमात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून मागवा, आणि वळूचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. ज्या वळूपासून ती स्वतः झाली त्याची मात्रा पुन्हा वापरू नका. कपिला स्वतः अजून माजावर येत असेल तर तिला भरवण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. या वयात वार अडकण्याची आणि विल्यानंतर कॅल्शियम उतरण्याची भीती असते.